जाळी कोण लावतंय?

मे महिना लागला की कोल्हापुरात महाद्वार रोडच्या तोंडाशी एक मावशी करवंदांची पाटी घेऊन बसतात. पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला कुठलासा धनगरवाडा आहे, तिथून पहिल्या एसटीने येतात आणि पाटी रिकामी झाली की दुपारच्या गाडीने परत जातात. टाळेबंदीची दोन वर्षे सोडली तर मी त्यांचे ठरलेले गिऱ्हाईक. 2019 च्या मे महिन्यात वाटा घेता घेता मी सहज विचारले, "मावशी, ही झाडं घराजवळ लावली तर येतील का ओ?"

पाऊस कुठल्या दुकानात मिळतो असे मी विचारल्यासारखे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"झाडं? आरं बाळा, जाळी कोण लावतंय? ती आपसूक येतीया."

(पन्नाशीच्या उंबऱ्यावरच्या माणसाला 'बाळा' म्हणणारी माणसे शहरात आता फारशी उरली नाहीत. मी मुकाट्याने आणखी एक वाटा घेतला.)

मावशींचे उत्तर डोक्यातून जाईना. करवंदाला आपल्याकडे कोणी झाड म्हणत नाही, झुडूपही म्हणत नाही. करवंदाची जाळी. ती एकटी उभी राहत नाही, पसरते, गुंतते, आत हात घालणाऱ्याला ओरबाडते. ज्याला लपायचे त्याने तिच्यात लपावे, ज्याला खायचे त्याने काट्यांचा हिशोब ठेवून खावे. असली गोष्ट शहराच्या बागेत बसत नाही, कारण तिथे आपण 'शोभेची झाडे' लावतो. आपसूक येणारे आपण लावत नाही, आणि जे लावतो ते टँकर, स्प्रिंकलर आणि माळी यांच्या जिवावर कसेबसे दुसरा उन्हाळा बघते.

म्हणून मला म्हणायचे आहे ते एवढेच. कोल्हापुरात वर्गणीच्या किंवा कराच्या पैशातून जिथे जिथे झुडपे लावली जातात, म्हणजे सोसायट्यांची मोकळी जागा, शाळांची कुंपणे, रस्त्यांचे दुभाजक, लेआउटमध्ये 'बाग' म्हणून सोडलेले तुकडे, तिथे पहिला मान इथल्याच मातीतल्या, बारमाही हिरव्या, फुलणाऱ्या आणि पाण्यावाचून उन्हाळा काढणाऱ्या झुडपांचा असला पाहिजे. करवंद, तरवड, अडुळसा, अंजनी. बाकीची हौस त्यांच्यानंतर.

हे कोणाहीपुढे मांडले की पहिले उत्तर ठरलेले असते: कोल्हापूरला आणि दुष्काळाचा विचार? पाणी तर आपल्याकडे ढीग आहे. उसाला पाट सोडून झोपी जाणारा आपला जिल्हा, शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरी धरण उशाला, पंचगंगा पायथ्याला. कमी पाण्याची झाडे लावायची ती माण-खटावने, जतने, आटपाडीने. आपण का?

जिल्ह्याच्या नकाशावर पश्चिमेकडून पूर्वेकडे बोट फिरवून बघा. गगनबावड्याला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस. कोल्हापूर शहरात येईपर्यंत तो 1000 च्या आसपास उतरतो आणि शिरोळला पोचेपर्यंत 500 च्या घरात. सगळे शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात. म्हणजे कोकणाचा कडा आणि माणदेशाची वेस यांच्या मधोमध आपण राहतो, पण बोलतो मात्र कड्यावर राहिल्यासारखे. शिवाय हा सगळा पाऊस चार महिन्यांचा. दसरा झाला की आभाळ मिटते, ते एखाददुसरा वळीव सोडला तर मृगापर्यंत उघडत नाही. झाडाला वार्षिक सरासरी कळत नाही. त्याला मार्च कळतो, एप्रिल कळतो.

आणि 'ढीग पाणी' म्हणजे नळाला पाणी असे मुळीच नाही. 2019 आणि 2021 चे महापूर आठवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी 43 फूट, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेले. त्याच दिवसांत शहराच्या नळांना टिपूस नव्हता, कारण उपसा केंद्रेच पाण्याखाली होती. चहूकडून पाण्याने वेढलेल्या शहरात बायाबापड्या घागरी घेऊन टँकरमागे पळत होत्या. उन्हाळ्यात कळंबा तलावाचा तळ उघडा पडलेलाही आपण पाहिला आहे. काळम्मावाडी धरणाहून पन्नास किलोमीटरहून लांब नळ टाकून थेट पाणी आणावे म्हणून या शहराने किती वर्षे मोर्चे काढले, आणि 2023 च्या दिवाळीत ते पाणी आले तेव्हा केवढे फटाके वाजले! एवढ्या लांबून, एवढा खर्च करून आणलेले पाणी आपण कशावर ओततो, हा प्रश्न विचारायला कोणाची ना नसावी.

आमची सोसायटी ते लॉनवर ओतते.

उपनगरातली मध्यम सोसायटी, तीन इमारती. बिल्डरच्या माहितीपत्रकात हिरवेगार लॉन होते, त्यामुळे प्रत्यक्षातही ते करावे लागले. अंदाजे हजार चौरस फूट. एका बाजूला डुरांटाची पिवळट कड, कोपऱ्यात चार पाम. पहिल्या वर्षी लोक त्यावर अनवाणी चालले. दुसऱ्या वर्षी 'लॉनवर चालू नये' अशी पाटी लागली. तेव्हापासून त्याचा उपयोग पाणी पिणे हाच.

मी एकदा कागदावर हिशोब मांडला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गवताच्या हिरवळीतून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडून जाते. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर. पाच मिलिमीटर धरले तर रोजचे 465 लिटर. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी द्यावे असे सरकारी मानक आहे. म्हणजे आमच्या सोसायटीत नोंद नसलेली साडेतीन माणसे राहतात. ती वर्गणी देत नाहीत, मीटिंगला येत नाहीत आणि एप्रिलमध्ये पिवळी पडून वर आपल्यालाच लाज आणतात. महिन्याचे 14 हजार लिटर होतात. उन्हाळ्यात बोअर आटला की हे टँकरने येते. टँकरचे बिल 'मेंटेनन्स' या गोंडस नावाखाली सगळ्यांच्या घरी.

त्या मे महिन्यात मावशींची करवंदे खाऊन झाल्यावर मी बिया टाकल्या नाहीत. चाळणीत धुऊन एक रात्र सावलीत वाळवल्या आणि जूनच्या आरंभी तांबडी माती, पालापाचोळ्याचे खत भरलेल्या दुधाच्या पिशव्यांत दोन-दोन टोचल्या. करवंदाचे बी ताजे असतानाच पेरावे लागते. डबीत घालून पुढच्या वर्षासाठी ठेवले तर उगवण्याची आशा फारशी नसते. तीनेक आठवड्यांनी मोड दिसले. वर्षभर गॅलरीत ठेवून 2020 च्या जूनमध्ये त्यातली पाच रोपे सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत लावली, तीन-तीन फुटांवर. परवानगी घेतली नाही. मागच्या भिंतीकडे कोणी बघतच नाही, हाच माझा परवाना.

पुढच्या वर्षीच्या जुलैत गटार तुंबले आणि कोपऱ्यातल्या रोपाच्या बुडाशी आठवडाभर पाणी साचले. ते गेले. करवंदाला तहान चालते, पाय भिजलेले चालत नाहीत. उरलेल्या चारांना पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकेक बादली घातली, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. तिसऱ्या उन्हाळ्यात काहीच नाही. खरे सांगायचे तर पहिली दोन वर्षे ही रोपे बघून कोणालाही माझी कीव आली असती. गुडघ्याएवढी काटकुळी, वर चार पाने. सगळा कारभार जमिनीखाली चाललेला असतो, आणि तिथे कोणी फोटो काढायला जात नाही.

2023 च्या फेब्रुवारी अखेरीस एका संध्याकाळी कचरा टाकायला मागे गेलो तर जुईसारखा वास. आजूबाजूला जुई नव्हती. पांढरी, पाच पाकळ्यांची, चांदणीच्या आकाराची फुले, कळ्यांना मागून किंचित गुलाबी झाक. त्याच वेळी समोरच्या बाजूला लॉन पिवळे पडायला लागले होते. करवंदाचे पान हातात घेऊन बघा: जाड, ताठ, खोबरेल चोपडल्यासारखे तुकतुकीत. पाणी बाहेर जाऊ द्यायचे नाही याची सगळी तजवीज त्या पानातच आहे. तोडले की पांढरा चीक येतो, कारण हे कुळ कण्हेर, तगर, सदाफुली आणि पांढऱ्या चाफ्याचे. त्या सगळ्या कुळात पोराबाळांनी ओरबाडून खावे असे फळ आपल्याला ठाऊक आहे ते हेच. कण्हेरीचा तर कणन् कण विषारी.

त्या मे महिन्यात चार जाळ्यांवर मिळून ओंजळभर करवंदे आली. आधी हिरवी, मग लाल, मग काळी. वॉचमनच्या दोन मुलांना माझ्याआधी सुगावा लागला. उरली ती बुलबुलांनी नेली. मला तीन मिळाली. एक आंबट निघाले.

आता तरवड. करवंद आपल्या पश्चिमेचे, डोंगराकडचे. तरवड पूर्वेचा, उघड्या माळाचा. माझे आजोळ शिरोळ तालुक्यात. नवरात्रात आजी घटावर माळ चढवायची त्यात झेंडू कमी आणि तरवडाची पिवळी फुले जास्त, कारण झेंडू विकत आणावा लागे आणि तरवड बांधावर उभा असे. आम्हा पोरांचे काम सकाळी फुले तोडून आणण्याचे. तिथे मी भुंगा तरवडाच्या फुलावर बसलेला पहिल्यांदा जवळून पाहिला. तो फुलावर बसून नुसता चाखत नाही, फुलाला घट्ट धरून जोराने गुणगुणतो, आवाज एकदम चढतो, आणि त्या थरथरीने परागकण बाहेर उडतात. तरवडाच्या पुंकेसरांना टोकाला फक्त छिद्रे असतात. कोणीतरी असे हलवल्याशिवाय ती पराग सोडत नाहीत. हे कारण मला फार नंतर कळले. तेव्हा वाटायचे, भुंग्याला राग आलाय.

हे झुडूप बारा महिने हिरवे, वर्षातला बराच काळ फुललेले, खडकाळ मुरमातही तगणारे, आणि शेळ्या-गुरे त्याला तोंड लावत नाहीत. तेलंगणाने त्याला राज्यफूल केले आहे. बतुकम्माच्या सणात तिकडे त्याच्या राशी रचतात. आणखी एक गोष्ट, जी कोल्हापुरात तरी माहीत असायला हवी होती. तरवडाच्या सालीत कातडे कमावायला लागणारे द्रव्य भरपूर असते, आणि दक्षिणेत पिढ्यान्पिढ्या ती साल चामड्याच्या धंद्यात वापरली गेली. ज्या गावाच्या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावातल्या दहा माणसांना तरवड दाखवा. नऊ जण टाकळा म्हणतील. दहावा फोटो काढून मोबाइलला विचारेल.

अडुळसा आणि अंजनी यांच्याबद्दल थोडक्यात. अडुळशाची फांदी पावसाळ्यात मातीत खोचली की लागते, गुरे खात नाहीत, पांढरी फुले येतात आणि खोकल्याचा काढा घरचा होतो. खेड्यापाड्यांत याच्या वई, म्हणजे कुंपणे, असायच्या, अजून कुठे कुठे आहेत. अंजनी फार सावकाश वाढते, पण मार्च-एप्रिलच्या सुमारास तिच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लगडतात तेव्हा माणूस थांबतोच. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला गेलेल्यांनी ती पाहिली असेल, नाव माहीत नसेल.

मागच्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी विषय काढला. लॉन काढून तिथे मुरूम-मातीचा उंचवटा करावा, मध्ये तरवड आणि अडुळसा, भिंतीकडेने करवंद. एवढेच. त्यावर जे बोलले गेले ते इथे मांडतो, कारण कोल्हापुरातल्या कुठल्याही सोसायटीत हेच बोलले जाईल.

सेक्रेटरी म्हणाले, "काका, काटेरी झाडं? पोरं खेळत्यात इथं." हे बरोबर आहे, मी लगेच मान्य केले. करवंद खेळायच्या जागेच्या कडेला लावू नये, अरुंद दुभाजकात तर नकोच. दुचाकीवाल्याचा हात ओरबाडला गेला तर करवंदाला नव्हे, लावणाऱ्याला शिव्या बसतील. त्याची जागा भिंतीची, हद्दीची. तारेच्या कुंपणावर काटेरी तार पसरायला आपण पैसे मोजतो, भिंतीवर काचा रोवतो; तेच काम करवंद फुकटात करते आणि वर फुले देते.

दुसरी हरकत सापाची. जाळीत साप असतो, हे आपल्याकडे प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर पाजलेले असते. साप उंदरामागे येतो आणि उंदीर उष्ट्या-खरकट्यामागे. आमच्या मागच्या भिंतीला कचऱ्याचे दोन डबे होते, झाकणाविना. मी म्हटले, आधी झाकणे घ्या. त्यावर सभेत हशा पिकला, झाकणे मात्र अजून आलेली नाहीत.

तिसरी हरकत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर मी मनातल्या मनात बरेच दिवस भांडलो आहे. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, वाचणारे, म्हणाले, "म्हणजे आता झाडांतही देशी-परदेशी करायचं का? बोगनवेल ब्राझीलची, पण तिलाही पाणी लागत नाही. गुलमोहर मादागास्करचा. तोडायचा का?"

नाही. या प्रश्नाला जातकुळीचा वास येऊ लागला की मीच आधी उठून जाईन. मिरची अमेरिका खंडातून आली आणि तिच्याविना तांबडा रस्सा म्हणजे नुसते गरम पाणी. टोमॅटो, बटाटा, पेरू, सीताफळ, सगळे बाहेरचे. त्यांना बाहेरचे म्हणणाऱ्याच्या ताटात काय उरेल? बोगनवेल मलाही आवडते, आणि ज्याला तीच लावायची त्याने खुशाल लावावी. माझा मुद्दा जन्मदाखल्याचा नाही, संसाराचा आहे. बोगनवेल पाणी मागत नाही हे खरे, पण तिच्या कागदी झगमगाटावर आपल्या पाखरांना खायला काही मिळत नाही. तरवडाच्या पानांवर पांढऱ्या-पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, करवंदावर बुलबुल जगतो, भुंग्याला तरवड कसा हाताळायचा हे शिकवावे लागत नाही. हे हिशोब हजारो वर्षांच्या शेजाराचे आहेत. बाहेरून आलेले झाड हा शेजार धरू शकते, काहींनी धरलाही. पण ज्यांचा शेजार आधीच जमलेला आहे त्यांना हुसकून नवा भाडेकरू का आणायचा? आणि नवा भाडेकरू कधी कधी घरच बळकावतो. घाणेरी आपल्याकडे कोणीतरी शोभेसाठीच आणली होती. आज सह्याद्रीच्या कित्येक उतारांवर तिच्यापुढे दुसरे झुडूप उगवत नाही. कोनोकार्पस भराभर वाढतो, कायम हिरवा दिसतो म्हणून गुजरातेत दाट लावला, आणि 2023 मध्ये तिथल्या वनखात्याला त्याच्यावर बंदी घालावी लागली.

उलट आपले झाड हवे म्हणून कुठेही काहीही लावणे हाही आडमुठेपणाच. नदीकाठच्या खोल काळ्या मातीत, जिथे पावसाळ्यात चार दिवस पाणी तुंबते, तिथे करवंद लावून ते मेले की 'देशी झाडे टिकत नाहीत' असा निष्कर्ष काढणारेही निघतील. त्याला उतार हवा, मुरूम हवा, निचरा हवा. आपल्या शहराचा उंचावरचा सगळा भाग, सागरमाळापासून कळंब्याकडच्या माळापर्यंत, त्यासाठी उत्तम आहे. 1962 साली शिवाजी विद्यापीठ उभे राहिले तेव्हा सागरमाळ हा उघडा माळ होता. आज तिथे मोर फिरतात, आणि पावसाचे पाणी अडवलेली तळी आहेत. माळ हिरवा होतो. कशाने करायचा, एवढाच प्रश्न.

एक गंमत बघा. पुणे-बंगळूर महामार्गावर दुभाजकात मैलोन् मैल कण्हेर उभी असते. तिला कोणी शोभेसाठी निवडलेले नाही. समोरच्या गाडीचा झोत अडतो, गुरे तोंड लावत नाहीत आणि पाण्यावाचून ती मरत नाही, हे बघून निवडले. म्हणजे जिथे रोज पाणी घालायला माणूस जाऊ शकत नाही हे आधीच मान्य केलेले असते, तिथे आपण शहाणपणाने झाड निवडतो. शहरात शिरलो की ते शहाणपण टोल नाक्यावरच ठेवतो, कारण इथे टँकर जाऊ शकतो.

आणि टँकर जातो म्हणजे कोणाचे तरी बिल निघते. मी कोणा एकाच्या नावाने बोटे मोडत नाही. ही रीत सगळ्या शहरांची आहे. सुशोभीकरणाच्या कामात झाड लावण्याचे पैसे असतात, फोटोच्या दिवशी हिरवे दिसण्याचे असतात, मेलेले झाड बदलण्याचेही असतात. जगण्याचे पैसे कशातच नसतात. अशा हिशोबात जे झाड दुसऱ्या वर्षी मरते ते चांगले झाड, कारण ते पुन्हा लावता येते. करवंदासारखे झाड यात कसे बसावे? पहिली दोन वर्षे ते दिसत नाही आणि नंतरची तीस वर्षे ते कोणाला काही कमावू देत नाही. हे बदलायचे तर हप्ता बदलावा लागेल. कामाच्या पैशांतला निदान एक तृतीयांश भाग तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जेवढी झाडे बाहेरच्या पाण्यावाचून जिवंत असतील तेवढ्या प्रमाणात द्यावा. मग बघा, कंत्राटदार स्वतःच तरवड शोधत फिरेल.

पण फिरून त्याला मिळेल का? ही खरी अडचण आहे आणि तिच्याकडे माझ्याकडून बरेच दिवस दुर्लक्ष झाले. वार्षिक सभेआधी मी चार रोपवाटिका पालथ्या घातल्या. फायकसचे गोळे होते, सहा रंगांची जास्वंद होती, थायलंडचा कसलासा चाफा होता. अडुळसा एकीकडे मिळाला, 'औषधी' विभागात, तुळशीशेजारी. तरवड कुठेच नाही. करवंद विचारल्यावर मालक हसून म्हणाला, "काका, करवंद कोण विकत घेतंय? रानात फुकट हाय की." मावशींचेच वाक्य, दुसऱ्या टोकाने.

रानात फुकट आहे, पण रानातून उपटून आणायचे नाही, हेही इथे सांगून टाकतो, कारण हा लेख वाचून कोणीतरी रविवारी फावडे घेऊन निघेल. राधानगरी अभयारण्यातून झाड आणणे गुन्हा आहे, आणि बाहेरच्या डोंगरातली जाळी ही कोणाच्या तरी मे महिन्याच्या कमाईची जागा आहे. शिवाय मोठी जाळी उपटून लावली तर ती बहुधा जगतही नाही. बी हा एकच सरळ मार्ग. ते बी कोणाकडे आहे? ज्या बायका दर मे महिन्यात पाट्या भरून शहरात येतात त्यांच्याकडे. त्यांना कुठल्या उतारावरची जाळी गोड, कुठली आंबट, कुठली आधी पिकते हे पाठ आहे. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या बचत गटांना वर्षाला ठरावीक रोपांची मागणी लेखी दिली आणि रोपामागे बरा भाव दिला, तर दोन पावसाळ्यांत शहराला पुरतील एवढ्या पिशव्या तयार होतील. उरलेली न विकली गेलेली, मऊ पडलेली करवंदे आज संध्याकाळी गटारात जातात. बी त्यातच असते.

आमच्या सभेचा निकाल सांगायचा राहिला. लॉन राहिले. 'पुढच्या सभेत बघू' असे इतिवृत्तात लिहिले गेले. मागच्या भिंतीच्या उरलेल्या लांबीला 'काकांनी स्वखर्चाने' झाडे लावायला हरकत नाही, असेही लिहिले गेले, त्याला अनुमोदन वरच्या मजल्यावरच्या त्या वाचणाऱ्या गृहस्थांनी दिले.

यंदा मे महिन्यात मावशींना सांगितले, "मावशी, तुमच्या बियांची जाळी धरलीया आमच्यात. फळं पण आली."

त्यांनी वाटा कागदात बांधता बांधता मान वर केली. "लावलीस व्हय? मग पोरं राखू दे न्हाईतर पाखरं. तुझ्या वाट्याला काय येत न्हाई." आणि जराशाने, "माझ्याकडनं घ्यायचं सोडू नगंस."

सोडलेले नाही. गच्चीवर सध्या 40 पिशव्या आहेत. त्यांतल्या 23 उगवल्या आहेत, बाकीच्यांची वाट बघतोय.